गळंतीची मोटार

कत्तरीच्या दिवसांत आमच्या घरी कोणाला दुपारी झोपायचं असेल, तर आधी मला काहीतरी काम सांगून बाहेर घालवावं लागतं. ही मी माझी बदनामी करत नाही. आमच्या गल्लीत हे सगळ्यांना ठाऊक आहे. सेतू वकील घरात असला की झोपलेल्या माणसाच्या उशाशी येऊन उभा राहतो, वाकून बघतो, आणि समोरचा फारच गाढ झोपलेला दिसला तर भांड्यात बोटं बुडवून त्याच्या कपाळावर पाण्याचा थेंब सोडतो. मागच्या वर्षी ओरत्तनाडूहून आलेल्या आमच्या कुळाला मी असं तीनदा उठवलं. चौथ्यांदा तो आपणच उठला, पंचा खांद्यावर टाकला आणि भर उन्हात गावी चालता झाला. खंडाची बोलणी राहिली ती राहिलीच.

यंदा पुन्हा कत्तरी लागली आहे. चित्तिरै महिना सरता सरता सूर्य कृत्तिकांत शिरतो. पंचांग त्याला अग्निनक्षत्र म्हणतं आणि इथले लोक कत्तरी म्हणतात. या दिवसांत तंजावुरात रंग उरत नाहीत. आकाश पितळेच्या परातीसारखं पांढुरकं होतं. मोठ्या देवळाच्या आवारातल्या फरशीवर माणसं पावलं टेकवत नाहीत, फक्त उचलतात. वेण्णारच्या पात्रात पाण्याऐवजी वाळू वाहते. कावळे चोच उघडी ठेवून बसतात आणि ओरडत नाहीत. कावळा गप्प बसलेला बघणं ही काही चांगली गोष्ट नव्हे. दुपारी जेवणं झाली की सगळं गाव एकदम आडवं होतं, दारं लागतात, आणि इतकी शांतता पसरते की मला श्वास मोजत बसावंसं वाटतं. आपले नव्हे, दुसऱ्यांचे.

आमचे पूर्वज घोड्यावर बसून इकडे आले तेव्हा त्यांना कोणी या उन्हाची कल्पना दिली नसावी. आले, राहिले, इथलंच आंबट-तिखट खाऊ लागले, आपल्या मराठीत इथले शब्द कालवून बोलू लागले. पुढे राज्य इंग्रजांनी नेलं. ऊन तेवढं आमच्याकडे ठेवलं. त्या उन्हाबरोबर उन्हाचे नियमही आम्ही इथल्या लोकांकडून घेतले. कत्तरीत विहीर खणू नये, झाड तोडू नये, नव्या कामाला हात घालू नये, लांबचा प्रवास करू नये. आणि या सगळ्यांचा बाप असलेला नियम म्हणजे आडीचा.

आडी म्हणजे आपला आषाढ म्हणा. नव्या लग्नाच्या जोडप्याला इथे आडी महिनाभर एकत्र ठेवत नाहीत. मुलीला माहेरी नेतात. कारण उघड आहे: आडीत जे घडेल त्याचं फळ चित्तिरैत, भर उन्हाळ्यात पदरात पडतं, आणि त्या उन्हात बाळ-बाळंतीण दोघांचे हाल. म्हणही आहे, चित्तिरैत मूल झालं तर बाप रस्त्यावर. लग्नानंतरच्या पहिल्याच आडीत तुळजाला तिची आई पापनाशमला घेऊन गेली. मी बी. ए., बी. एल. मी असल्या गोष्टी मानत नव्हतो. शिवाय मला करमत नव्हतं. एका साक्षीदाराला भेटायचं आहे असं आईला सांगून मी पापनाशमला गेलो, सासूबाईंनी केलेलं जेवण जेवलो, आणि परतीची गाडी चुकली. गाडी चुकावी म्हणून मला स्टेशनवर जरा हळू चालावं लागलं, एवढंच. ज्या गावाच्या नावातच पाप नाहीसं होतं तिथे जाऊन मी हा उद्योग केला, यावर आमच्या बार रूममध्ये पुढे वर्षभर विनोद झाले.

कार्तिक उजाडला आणि बातमी फुटली. दोन्ही घरच्या बायका बोटांच्या पेरांवर महिने मोजू लागल्या आणि मोजून झालं की माझ्याकडे बघू लागल्या. आईने फक्त एकदा, मी जेवत असताना, पानात ताक वाढता वाढता विचारलं, "तो साक्षीदार भेटला होता की रे?"

मी म्हटलं, भेटला होता.

"तो आता चित्तिरैत साक्ष द्यायला येतोय," ती म्हणाली.

तोवर हा विनोदच होता. मग तुळजाच्या पायांवर सूज आली. मग चेहऱ्यावर. डोकं दुखायचं, झोप लागायची नाही. माघात तिला तंजावुरातल्या बायकांच्या इस्पितळात दाखवून आणलं तेव्हा डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की बाळंतपण पापनाशमला सुईणीच्या हातून होऊ द्यायचं नाही, दिवस भरत येतील तेव्हा इथे आणायचं. आणताना बैलगाडी नको, हिसके बसतात. आगगाडी नको, लढाईचे दिवस, डबे सोजिरांनी भरलेले, फलाटावर तासन्‌तास उभं राहावं लागतं. आणि ऊन तर मुळीच लागता कामा नये. "उन्हातून आणणार असाल तर आणू नका," त्या इंग्रजीत म्हणाल्या, आणि इंग्रजीत म्हटल्यामुळे ते मला जास्तच खरं वाटलं.

आता माझ्या मोटारीविषयी सांगायला हवं. ती मी का घेतली याचं शहाणं उत्तर माझ्यापाशी नाही. एका जमीनदाराच्या घरचा लिलाव होता. मी पक्षकाराचं काम बघायला गेलो आणि येताना मोटार घेऊन आलो. पक्षकाराचं काम राहिलं. मोटार लांबलचक, काळी, पुढे चालवणाऱ्याची जागा उघडी हवेशीर आणि मागे मालकांची बंद खोली. दोन्हींच्या मध्ये काचेची भिंत, म्हणजे मालक काय बोलतात ते चालकाला ऐकू जायला नको. त्या मागच्या खोलीला जमीनदारांनी गारव्याचं यंत्र करून घेतलं होतं. यंत्र कसलं, डावीकडच्या खिडकीची काच काढून तिथे वाळ्याच्या मुळ्यांचा पडदा चौकटीत बसवलेला. वर टपावर पत्र्याचं पाण्याचं टाकं, त्यातून पडद्यावर पाणी ठिबकायचं. पुढे पत्र्याचा एक मोठा कान, तो वारा पकडून पडद्यातून आत ढकलायचा. मोटार धावली की आत थंडगार, वाळ्याच्या वासाची झुळूक. उभी राहिली की काही नाही. लिलावात हे सगळं फार मोठ्या तोंडाने सांगितलं गेलं. घरी आणून बघतो तर टाकं गंजून चाळणी झालेलं, वाळा उंदरांनी नेलेला आणि तो पत्र्याचा कान दुमडून बहिरा झालेला.

त्यात पेट्रोल मिळेना. चिठ्ठीवर मिळायचं ते कोर्टापर्यंत जाऊन यायला पुरत नव्हतं. तेव्हा पुष्कळांनी केलं तेच मीही केलं: मोटारीच्या पाठीला कोळशाची भट्टी बसवून घेतली. उभं पिंप, त्यात लोणारी कोळसा पेटवायचा, त्याचा धूर नळीने इंजिनात न्यायचा आणि त्याच्यावर मोटार चालवायची. चालायचीही. चढ आला की उतारू उतरून ढकलायचे, पण चालायची. म्हणजे माझ्या मोटारीला आता मागे शेगडी होती आणि बगलेला बर्फाची आस. बार रूमने तिला अर्धनारीश्वर म्हणायला सुरुवात केली.

भट्टी बसवणारा चिन्नप्पा मेस्तिरी हा माणूस माझ्याच जातीचा होता. म्हणजे काय येत नाही हे त्याला कधी कळलं नाही. चैत्र लागला तेव्हा मी मोटार त्याच्या दारात नेली आणि सांगितलं, आठवड्याभरात गारवा दुरुस्त व्हायला हवा, घरातलं माणूस आणायचं आहे. त्याने मोटारीभोवती एक प्रदक्षिणा घातली आणि मागे थांबला. भट्टीच्या झाकणाखालची गच्च दोरी जळून गेली होती, झाकण धड बसत नव्हतं, तिथून धूर झिरपायचा. तो म्हणाला, सामी, आधी हे करू. मी म्हटलं, दोन्ही कर. तो म्हणाला, दोन्हींचं सामान आणायला तुमच्याकडे आहे काय? कोर्टाला उन्हाळ्याची सुट्टी होती. कोर्ट बंद म्हणजे वकील बंद. माझ्याकडे एकाच कामापुरतं होतं.

"धुराने फार तर डोळे चुरचुरतील," मी म्हटलं. "गारवा कर."

मेस्तिरीने जरा विचार केला आणि मान डोलावली. झाकणाला त्याने काथ्याचा दोर मातीत बुडवून गुंडाळला आणि वर थाप मारून म्हणाला, हे मी मरेपर्यंत निघणार नाही. नव्या दोरीइतकंच चांगलं, किंबहुना जास्तच.

वाळा बाजारात महाग झाला होता, म्हणून मी घरोघर मागितला. आमच्याकडे उन्हाळ्यात प्रत्येक घरी पिण्याच्या पाण्याच्या घागरीत वाळ्याची जुडी सोडलेली असते. गेल्या वर्षीच्या, त्याच्याही मागच्या वर्षीच्या जुड्या बायकांनी फडताळातून काढून दिल्या. तुळजासाठी म्हटल्यावर कोणी नाही म्हटलं नाही. एका म्हातारीने तर आपला वाळ्याचा पंखा उसवून दिला. तो सगळा वाळा मी अंगणात पसरला तेव्हा दहा घरांच्या घागरींचा वास एकत्र झाला. मी चौकट भरायला बसलो. जमीनदाराचा पडदा बोटभर जाड होता. मी म्हटलं, बोटभर वाळ्याने एवढा गारवा तर वीतभर वाळ्याने किती? दाबून दाबून भरला. रांधणाऱ्या बाईने भात चेपून भरावा तसा भरला. त्यातून वारा जायचा कसा, हा प्रश्न बी. ए., बी. एल. माणसाला पडला नाही.

राहिलं टाकं. त्याची भोकं डाख देऊन बुजवायला कथील मिळेना, सगळं लढाईवर गेलेलं. केरोसिनचा डबा लावून बघितला. मेस्तिरीने भोक पाडलं ते इतकं मोठं की पाणी धो धो वाहून डबा पळभरात रिकामा. दुसरं भोक पाडलं ते बुजलं. मला हवा होता एक थेंब, मग क्षणभर काही नाही, मग दुसरा थेंब. असं भांडं जगात असेल तर ते कुठे असेल? मी देवघरात बसून विचार करत होतो, आणि माझ्या डोळ्यांसमोर थेंब पडत होते.

आमच्या देवघरात शंकराचा बाण आहे. उन्हाळ्यात त्याच्यावर गळंती टांगतात. तांब्याचं पात्र, बुडाशी सुईएवढं भोक, भोकातून दर्भाची एक काडी ओवलेली. काडीवरून थेंब उतरतो आणि देवाच्या माथ्यावर पडतो. अहोरात्र. कत्तरी संपेपर्यंत ती धार तुटू द्यायची नाही. माणसाला ऊन लागतं तसं देवालाही लागतं, एवढा साधा हिशेब. ते पात्र आमच्याकडे इतक्या पिढ्या आहे की त्याच्या भोकाला आता तांब्याची कड उरलेली नाही, ते पाण्यानेच घडवल्यासारखं गुळगुळीत झालं आहे. चिन्नप्पाच्या सात पिढ्यांना तसं भोक पाडता आलं नसतं.

मी काय केलं ते तुम्हाला कळलंच असेल. निघायच्या दिवशी पहाटे आई आंघोळीला गेली, मी गळंती उतरवली, पंच्यात गुंडाळली आणि मोटारीच्या मागच्या खोलीत, खिडकीच्या वर, साखळीने टांगली. तिच्या जागी मी काहीच ठेवलं नाही. ठेवायला हवं होतं, पण मला घाई होती. मागे वळून बघितलं तेव्हा शेवटचा थेंब बाणावरून खाली ओघळत होता आणि त्याच्या मागे दगड सुकत चालला होता. सुकताना तो दगड काळ्याचा राखाडी होतो, हे मी तोवर कधी बघितलं नव्हतं. बघायची वेळच कोणी येऊ दिली नव्हती.

मी भट्टी पेटवून भाता फिरवत होतो तेव्हा आई ओलेत्याने दारात आली. तिने मोटारीकडे बघितलं. बाकीच्या खिडक्यांच्या फटी मी ओल्या चिंध्यांनी गच्च बुजवल्या होत्या, गारवा बाहेर जायला नको म्हणून. ती देवघरात गेली होती की नाही, हे तिच्या तोंडावरून मला कळेना.

"पाठीला शेगडी बांधून चाललास," ती म्हणाली. "बाळंतिणीच्या खोलीतसुद्धा शेगडी ठेवली की एक खिडकी उघडी ठेवतात रे."

मी म्हटलं, आई, खिडकी उघडली की गारवा जातो. ती आत गेली. एक टिटवी आमच्या गल्लीवरून ओरडत गेली, भर वस्तीतून, सकाळच्या वेळी. मी तिच्याकडे लक्ष दिलं नाही असं म्हणतो खरा, पण लक्ष दिलं नसतं तर आज ती आठवली कशी असती?

पापनाशमला लवकर पोचलो. ऊन चढायच्या आत परत निघायचं ठरलं होतं. पण तो शुक्रवार होता, तुळजाचे केस विंचरून, पूजा आटोपून सगळे तयार होईतो राहुकाळ लागला, आणि सासूबाईंनी दाराच्या उंबऱ्यावर बसकण मारली. राहुकाळात लेकीला घराबाहेर काढणार नाही. मी युक्तिवाद केला. मी वकील आहे. माझे युक्तिवाद न्यायाधीशाने ऐकलेले नाहीत, तिथे सासूबाई काय ऐकणार? "आडीतही तुम्ही नियम मोडलात, जावईबापू," त्या एवढंच म्हणाल्या. राहुकाळ सरला तेव्हा मध्यान्ह झाली होती. कुडमुरुट्टीच्या वाळूवरून हवा थरथरत वर चढत होती. जणू नदीच उकळत होती.

तुळजाला मागे बसवलं, शेजारी सासूबाई. मी गळंती भरली, थेंब वाळ्यावर पडू लागला, मातीचा आणि दहा घरांचा तो वास सुटला. तुळजाने भिंतीसारख्या त्या ओल्या पडद्याला गाल लावला आणि डोळे मिटून हसली. कितीतरी दिवसांनी हसली. मी दार लावलं आणि वरून ओली चिंधी दाबून बसवली.

रस्ता आठवतो तो असा: दोन्ही बाजूंना कापणी झालेली, भेगाळलेली शेतं. चिंचेच्या सावल्या बुंध्याशी गोळा झालेल्या, रस्त्यावर येत नव्हत्या. पुढे माझ्या उघड्या जागेत वारा नव्हता, फुफाटा होता. ओठ सुकून एकमेकांना चिकटत होते. आणि समोरच्या लहानशा आरशात मागची काचेची खोली. काचेवर आतून दव धरलेलं. त्या दवामागे तुळजाचं डोकं हळूहळू आईच्या खांद्यावर कललं. जरा वेळाने सासूबाईंचीही मान खाली आली. पडद्याला टेकलेला तुळजाचा हात मांडीवर पडला आणि उलटा, तळवा वर करून, तसाच राहिला.

मला इतका आनंद झाला की मी गुणगुणायला लागलो. महिनाभर ज्या बाईला झोप नव्हती ती माझ्या मोटारीत झोपली होती. मी त्या फुफाट्यात बसून मनातल्या मनात बार रूमला उत्तरं देत होतो. खड्डा आला की मोटार हळू घेत होतो, झोप मोडायला नको म्हणून. आज त्या आरशातलं दृश्य आठवलं की मला पहिल्यांदा माझं गुणगुणणं ऐकू येतं.

पुढे रेल्वेचं फाटक लागलं. बंद होतं. सोजिरांची लांबलचक मालगाडी यायची होती. फाटकाशी चिंचेखाली कोणा पुण्यवंताने घातलेला ताकाचा मांडव होता, एक म्हातारी मडक्यातून कढीलिंब घातलेलं पातळ ताक वाटत होती. मी मोटार उभी केली. भट्टी धुमसत ठेवली, विझली तर पुन्हा पेटवायला वेळ लागतो. मी उतरलो, ताक प्यालो आणि फाटकवाल्याला हाताला धरून मोटारीशी घेऊन आलो. मला दाखवायचं होतं ना! तंजावुरात अशी मोटार दुसरी नाही, आत बघ, बाहेर आग आहे आणि आत कशा झोपल्या आहेत.

त्याने काचेवर तळहात टेकून आत बघितलं. बराच वेळ बघितलं.

तेवढ्यात गाडी आली. जमीन हादरायला लागली, रणगाडे की काय झाकून नेत होते, डब्यामागून डबा. मोटार थरथरली. आत साखळीला टांगलेली गळंती झोके घेऊ लागली, आणि दर्भाची काडी निसटून पडली. काडी गेल्यावर थेंब कसला, बारीक धार लागली. झोक्याबरोबर ती धार वाळ्यावरून सरकली आणि नेमकी तुळजाच्या तोंडावर आली. कपाळावर, पापण्यांवर, ओठांवर.

मी हसलो. मला ते सगळं दृश्य अजून नीट आठवतं, आणि त्यात मी हसतो आहे. आता उठेल, आता रागावेल, पदराने तोंड पुसेल आणि काचेतून माझ्याकडे बघेल. मी वाट बघत राहिलो. धार पडत होती. पाणी तिच्या ओठांच्या कडेने आत जात होतं. गाल छान गुलाबी दिसत होते.

ती तोंड पुसेना.

"सामी," फाटकवाला गाडीच्या आवाजावर म्हणाला, "त्या झोपल्या नाहीत."

दार चिंध्यांनी फुगलं होतं, उघडेना. दोघांनी मिळून ओढलं तेव्हा ते उघडलं आणि आतून जी हवा आली ती गार होती. वाळ्याचा सुंदर वास, आणि त्याच्या खाली कोळशाचा, अगदी हलका. तुळजाला मी काढलं, सासूबाईंना फाटकवाल्याने. चिंचेखाली, ताकाच्या मडक्यांच्या शेजारी निजवलं. ताकवाल्या म्हातारीने तुळजाचं डोकं मांडीवर घेतलं, ताडाच्या पंख्याने वारा घालायला लागली आणि तिला नावाने हाक मार म्हणून माझ्या अंगावर ओरडली. मला नाव आठवेना. गाडी अजून जातच होती, डब्यामागून डबा, आणि त्या खडखडाटात तुळजा खोकली की नाही ते मला ऐकू आलं नाही. तिचं पोट हललेलं दिसलं, तिचा हात उठलेला दिसला. हात चाचपडत तोंडाकडे गेला आणि तिने तोंड पुसलं.

सासूबाईंना शुद्धीवर यायला जास्त वेळ लागला. आल्या तेव्हा त्यांना उलट्या झाल्या आणि मग पहिलं वाक्य त्या बोलल्या ते राहुकाळाविषयी होतं, म्हणजे सगळं ठीक होतं.

तुळजाने मला जवळ बोलावलं. मी कान खाली नेला. "अहो," ती म्हणाली, "बाळ हलत नाही."

पुढचा रस्ता मी सांगत नाही, मला तो धड आठवतही नाही. वाळ्याचा पडदा लाथ मारून पाडला तेवढं आठवतं. दोन्ही दारं दोरीने उघडी बांधली. सासूबाईंना पुढे घेतलं. म्हातारी कोणी बोलावलं नसताना तुळजाशेजारी चढून बसली, पंखा हलवत. आणि सबंध वाटेवर ज्याच्या भीतीने आम्ही फटीफटीत चिंध्या कोंबल्या होत्या तो फुफाटा उजवीकडून आत यायचा आणि डावीकडून बाहेर जायचा. तोंड भाजत होतं. मी प्रत्येक वळणावर मागे ओरडून विचारत होतो, ऊन लागतंय ना? लागतंय, असं उत्तर आलं की बरं वाटत होतं.

इस्पितळात डॉक्टरीणबाईंनी लाकडी नळी पोटावर ठेवली आणि कान लावला. जागा बदलली, पुन्हा लावला. एवढी माणसं त्या खोलीत होती, पण पाली चुकचुकतात तेवढाच आवाज. मग त्या म्हणाल्या, आहे. पण संथ आहे. काही सांगता येत नाही. मला त्यांनी बाहेर जायला सांगितलं. पुरुषांना तिथे थांबू देत नाहीत, ओसरीवरही नाही. माझी जागा फाटकाबाहेर, रस्त्यावर.

संध्याकाळी कपडे न्यायला घरी गेलो. पंच्यात गळंती होती, रेल्वेच्या फाटकाशी पडून तिच्या पोटाला पोचा आला होता. देवघरात आई बसली होती. एका हातात पळी, शेजारी तांब्या. पळीतून ती बाणावर थेंब सोडत होती. एक थेंब, मग क्षणभर काही नाही, मग दुसरा थेंब. शेजारीण म्हणाली, सकाळपासून उठलेली नाही, जेवलेली नाही. उजवा हात थकला तेव्हा डावा घेतला. आता दोन्ही थरथरत होते, पण दगड काळाभोर ओला होता.

मी गळंती पुढे ठेवली आणि फाटकापाशी काय झालं ते सांगायला लागलो. तिने मला पुरतं सांगू दिलं नाही.

"तुझं भांडं तिकडे गुंतलं होतं," ती म्हणाली. "इकडचं मी बघितलं. आता दर्भाची काडी आण, माझा हात दुखतोय."

त्यानंतरचे दिवस मी इस्पितळासमोरच्या रस्त्यावर काढले. रोज नळी लागायची आणि रोज तेच, आहे, संथ आहे. समोरचा नुंगूवाला मला ताडगोळे सोलून द्यायचा आणि विचारायचा, आज काय म्हणतात? गुलमोहर नको इतका फुलला होता. मी प्रत्येक अपशकुन मोजायला शिकलो. न मानणाऱ्या माणसाला फार मोजावे लागतात, कारण त्याला कोणता खरा ते माहीत नसतं. मूल झालं ते दुपारी, आणि रडलं नाही. हे मला नंतर कळलं. तेव्हा फक्त आतली धावपळ ऐकू आली आणि मग फार मोठी शांतता. अशी शांतता मी त्या काचेपलीकडे बघून आलो होतो. मग कोणीतरी चापट मारल्याचा आवाज, आणि एक किरकिर, गंजलेल्या कडीसारखी. मी जिथे होतो तिथेच, तापलेल्या धुळीत, खाली बसलो. नुंगूवाल्याने म्हण पुरी केली, "चित्तिरैत मूल, बाप रस्त्यावर," आणि एक ताडगोळा माझ्या हातात ठेवला.

मोटार गेली. भट्टी चिन्नप्पाने परत घेतली आणि दुसऱ्या कोणाला तरी बसवली. कोणाला, ते मी विचारत राहिलो आणि तो सांगेना. शेवटी शोधून काढलं आणि त्या गृहस्थाच्या घरी जाऊन मी त्यांच्या मोटारीच्या सगळ्या खिडक्यांच्या काचा काढून ठेवा म्हणून भांडलो. त्यांनी मला वेड्यात काढलं. काचा मात्र काढल्या.

गळंती आता पुन्हा देवघरात आहे. पोचा आल्यापासून तिचा थेंब सरळ पडत नाही, जरा तिरका पडतो, आणि तालही मोडला आहे. कधी दोन थेंब लागोपाठ, कधी मध्येच लांबण. ती लांबण माझ्याने सोसवत नाही. आई म्हणते दुरुस्त करून आण, मी म्हणतो राहू दे. दुरुस्तीचा माझा उत्साह संपला आहे.

आज दुपारी सगळे झोपले होते. तुळजाने मला बाहेर घालवायला पोस्टात पाठवलं होतं, पण मी अर्ध्या वाटेवरून परत आलो. गंगी, चित्तिरैत आलेली आमची साक्षीदार, ओटीवरच्या गार फरशीवर पालथी पडली होती, गाल दगडाला लावून, एक हात उलटा, तळवा वर. केस घामाने कपाळाला चिकटलेले. मी वाकून बघितलं. पाठ हलतेय असं वाटलं, हलत नाही असंही वाटलं. देवघरात थेंब पडला. मग लांबण लागली. मी भांड्यात बोट बुडवलं आणि तिच्या गालावर एक थेंब सोडला.

थेंब तिच्या नाकाकडे ओघळला. मी वाट बघत राहिलो.

तिने डोळे न उघडता हात उचलला, गाल पुसला आणि कूस बदलली. तेव्हा मी उठलो, आणि भांडं घेऊन तुळजाच्या उशाशी गेलो.